तीन मिनिटांचा डोंगर

आयर्लंडहून परत येऊन दीड महिना झाला, तरी कोल्हापूरच्या आमच्या उद्यमनगरात भेटेल तो विचारतो, "मग, काय काय बघितलं?" हिरवळ बघितली का, जुने किल्ले बघितले का, समुद्रावरचे ते उंच कडे बघितले का. कडे नाही बघितले. लेकीनं तिकिटं काढली होती, ती मी वाया घालवली. त्याऐवजी केरी नावाच्या जिल्ह्यातला एक डोंगर बघितला, आणि तोही फक्त पायथ्याशी उभं राहून. ब्राझीलची एक बाई त्या डोंगराच्या माथ्यावर तीन मिनिटांच्या आत गाडी पोचवते की नाही, यावर माझा जीव टांगणीला लागला होता. आता सांगायचं तर तेच सांगणार. कडे बघायचे असतील तर मोबाइलवर पुष्कळ आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सुमन. वय चौसष्ट. कोल्हापुरात दोन लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. हे गेले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून ते मीच चालवते. बुश, पिना, बारीकसारीक सुटे भाग, ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांची कामं. लेक अश्विनी डब्लिनजवळ स्वोर्ड्सला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तिनं मला बोलावलं ते विश्रांतीसाठी. विश्रांती हा शब्द ती असा उच्चारते, की ऐकणाऱ्याला वाटावं माझं मोठं ऑपरेशन झालंय.

स्वोर्ड्स

स्वोर्ड्स म्हणजे विमानतळाला खेटून वसलेलं गाव. डोक्यावरून विमानं, रस्त्यावरून बस, आणि खाली एका साच्यातून काढल्यासारखी घरं. आमच्या गल्लीत आठ घरं, त्यातली तीन पुण्या-मुंबईच्या लोकांची. सकाळी सगळी माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून निघून जातात, आणि मग संध्याकाळपर्यंत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. पहिल्या आठवड्यात मी घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या आठवड्यात ती परत आवरली. मग अश्विनी मुद्द्यावर आली.

"आई, मशीन्स विकून टाक ना आता. किती दिवस ग्रीसमध्ये हात घालणार आहेस? सहा महिने इथे, सहा महिने तिथे, मस्त चिल कर."

"विचार करते," मी म्हटलं. आमच्याकडे 'विचार करते' म्हणजे 'नाही', पण पोरगी दहा वर्षं बाहेर राहून हे विसरली आहे. ती खूश झाली आणि तिनं कड्यांची तिकिटं काढली.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तिथे कपडे नुसते घालायचे, वाळणं त्यांच्या मर्जीवर. तेवढ्यात कुंपणापलीकडून इंजिनाचा आवाज आला, मोकळ्या सायलेन्सरचा, घसा फोडून ओरडणारा. आणि त्या ओरडण्याच्या आत एक बारीक टिकटिक होती. टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाची. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं मला. ताटलीत चार शेंगदाण्याचे लाडू घातले आणि पलीकडे गेले. न सांगता कुणाच्या घरी जायचं नसतं, हे अश्विनीनं बजावलं होतं. पण ती ऑफिसात होती.

पलीकडच्या शेडमध्ये बॉयलर सूट घातलेली एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई एका छोट्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकली होती. गाडी जुनी. आतलं सगळं काढून टाकलेलं, एकच सीट आणि भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. बाईनं वर पाहिलं. मी लाडू पुढे केले, दुसऱ्या हाताचं बोट इंजिनाकडे केलं आणि म्हटलं, "टॅपेट."

ती थबकली. "टॅपेट?" तिनं विचारलं. मग हसली. "येस! टॅपेट! यू मेकॅनिक?"

"लेथ," मी म्हटलं, आणि हवेत चाक फिरवून दाखवलं.

तिनं लाडवाचा घास घेतला आणि डोळे मिटले. "पासोका," ती म्हणाली. तिच्या आईच्या हातचा शेंगदाण्याचा पदार्थ होता तो, थेट असाच लागणारा. तिचं नाव जांदिरा. पुढे ती मला 'दोना सुमना' म्हणायला लागली. दोना म्हणजे आपल्या ताईसारखं, मानाचं. आमचं दोघींचं इंग्रजी मोडकंच, पण दोघींनाही नट, बोल्ट, बेअरिंग, टाइट, लूज हे शब्द येतात. एवढ्यात पुष्कळ बोलून होतं.

तिनं मला गाडीत बसवलं. मी सवयीनं गिअरची काठी हलवली. तिसऱ्या गिअरमध्ये टाकली तरी काठी दोन बोटं इकडेतिकडे डुलत होती.

"प्ले," मी म्हटलं.

"प्ले," तिनं उसासा टाकला. आमच्या धंद्यात सैलपणाला प्लेच म्हणतात. काठीच्या मुळाशी एक प्लास्टिकचा बुश, म्हणजे नळीसारखं कडं असतं, ते झिजलं होतं. नवीन मागवला होता, आला नव्हता. आणि शनिवारी रेस होती.

रेस म्हणजे डोंगरावर गाडी चढवायची. रस्ता दिवसभर बंद ठेवतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून खालून वर सोडतात. केरीमधल्या डोनल नावाच्या एका गॅरेजवाल्याकडे रॅलीची चांगली गाडी होती आणि पुढच्या सीझनसाठी त्याला ड्रायव्हर हवा होता. त्यानं जांदिराला सांगितलं होतं, "शनिवारी तीन मिनिटांच्या आत वर ये, गाडी तुझी." तिची आतापर्यंतची वेळ होती तीन मिनिटं चार सेकंद.

"वय चव्वेचाळीस," ती म्हणाली आणि स्वतःकडे बोट दाखवलं. "पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही."

संध्याकाळी मी अश्विनीला सांगितलं, शनिवारी आपण केरीला जातोय.

"आई, आर यू सीरियस? क्लिफ्सचं बुकिंग झालंय, यार! आणि तू तिला ओळखतेस तरी का?"

"कडे कुठे पळून जातात?" मी म्हटलं. एकटीला सोडणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तीही आमच्याबरोबर निघाली.

रस्त्यात

शुक्रवारी सकाळी निघालो. पुढे जांदिराची व्हॅन, मागे ट्रेलरवर बांधलेली पांढरी गाडी. पाच तासांचा रस्ता. खिडकीबाहेर गवत, दगडी बांध, पाठीवर निळ्या-लाल रंगाचे पट्टे ओढलेल्या मेंढ्या, आणि पुन्हा गवत. हिरवा रंग किती बघायचा याला काही मर्यादा असावी. मी जांदिरालाच बोलतं केलं. अडलं की अश्विनी मध्ये पडायची.

ती ब्राझीलमधल्या उसाच्या मुलखातली. हे कळलं तेव्हा मी तिच्या दंडावर चापट मारली. मीही उसातलीच की! तिचे वडील हायवेवर उसाचे ट्रक दुरुस्त करायचे. भंगारातून त्यांनी तिला एक बसकी, छोटी गो-कार्ट बनवून दिली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चौदाव्या वर्षी ती आसपासच्या सगळ्या पोरांना हरवत होती आणि त्या पोरांचे बाप तिच्या बापाला बाजूला घेऊन सांगत होते, आता पोरीला आवरा. बाप ऐकून घ्यायचा. पुढच्या रविवारी तो तिला परत घेऊन यायचा.

एकोणिसाव्या वर्षी ती मोठ्या रेसच्या गाडीत बसली. दोन रेस झाल्या, तिसऱ्या वेळी तिची जागा एका मुलाला मिळाली, कारण त्याच्या वडिलांच्या कारखान्याचं नाव गाडीवर लागणार होतं. मग ती ट्रकच्या रेसमध्ये शिरली. खरेखुरे ट्रक, ट्रॅकवर एकमेकांना घासत पळतात. मला आधी वाटलं अश्विनी चुकीचं सांगतेय. जांदिरानं थांब्यावर मोबाइलवर फोटो दाखवला. केशरी ट्रक, बॉनेटवर चढून उभी असलेली ही, हातात तिच्या निम्म्या उंचीचा चषक. सहा वर्षं तिनं ट्रक पळवले. भोवती सगळे पुरुष. एकानं हात मिळवायचं नाकारलं होतं, तर पुढच्या रेसमध्ये तिनं त्याच्या नाकावर टिच्चून पहिला नंबर काढला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ब्रेक," ती म्हणाली. उतारावर ब्रेक गेले, ट्रक भिंतीवर. कंबरेचं हाड मोडलं आणि उजवं मनगट दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंग विसरा. प्लास्टर निघायच्या आत ट्रकच्या दारावर दुसऱ्याचं नाव रंगवून झालं होतं. ती इंग्रजी शिकायच्या नावानं आयर्लंडला आली. मटणाच्या कारखान्यात त्याच मनगटानं मांस कापलं, मग बस धुतल्या, आता बसच्या डेपोत मेकॅनिक आहे.

"ब्राझीलला गिअर उजव्या हाताला," तिनं उजवं मनगट फिरवून दाखवलं. ते अर्ध्यावरच अडकत होतं. "इथे गाडीत उजवीकडे बसतात. गिअर डाव्या हाताला." आणि डावा हात तिनं माझ्यासमोर छान गोल फिरवला. "देवानं हा देश माझ्यासाठी बनवला, दोना सुमना. फक्त त्याला ते माहीत नाही."

डब्यात तिनं आणलेले गोल पाव होते. बाहेरून खरपूस, आत चिकट आणि चीजची चव. विचारलं तर पीठ साबुदाणा होतो त्याच कंदाचं. म्हणजे उपासाला चाललं असतं. मी त्यात आमची शेंगदाण्याची तिखट चटणी भरली. जांदिरानं दोन खाल्ले आणि तिसऱ्याला तिच्या डोळ्यातून पाणी आलं, तरी तिनं तो संपवला.

ट्रली

ट्रलीला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात आम्ही उतरलो. तिथे घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळी नाश्ता करून घालतात. शनिवारी ताटात अंडं, बीन्स, टोमॅटो आणि दोन काळ्या चकत्या आल्या. अश्विनीनं त्या कडेला सारल्या. "आई, ते नको खाऊ. ब्लड आहे त्यात."

मी चाखून बघितलं. आमच्याकडची रक्तीच की ही, फक्त मिरची घालायची राहिलेली! मी माझ्या दोन खाल्ल्या, वर अश्विनीच्या दोन. घरवाल्या बाई इतक्या खूश झाल्या की जाताना त्यांनी मला बागेतली फुलं घ्यायला सांगितली.

आता इथून माझ्या मूर्खपणाला सुरुवात होते.

केरीत त्या दिवसांत रस्त्याच्या कडेनं आणि बागांतून केशरी फुलं दाटलेली असतात. थेट झेंडूच्या रंगाची. मी ओंजळभर तोडली. पिशवीत सुई-दोरा असतोच. स्वोर्ड्सच्या देशी दुकानातून आणलेला नारळही होता. गाडी मोठ्या कामाला निघाली आहे आणि तिला हार नाही, नारळ नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. उसाचा पहिला ट्रॅक्टर निघतो तेव्हा हार, नवीन टेम्पो आला की हार, खंडेनवमीला तर लेथलासुद्धा हार. व्हॅनच्या मागच्या सीटवर बसून मी हातभर लांबीचा हार ओवला.

डोंगर

डोंगर उघडाबोडका होता, झाड नाही, नुसतं गवत आणि काळे खडक. रस्ता आपल्या गगनबावड्याच्या घाटासारखा, पण निम्म्या रुंदीचा. पायथ्याशी एका शेतात सगळ्या गाड्या उभ्या होत्या. सरावाची एक चढाई, मग मोजायच्या तीन. तिन्हींतली जी चांगली ती धरायची. वेळ भोंग्यावरून सांगत होते.

डोनल आला. साठीचा, लालबुंद तोंडाचा माणूस, हातात कागदी पेल्यात चहा. त्यानं जांदिराच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "तीनच्या आत, हं." माणूस वाईट नव्हता, फक्त आकड्याचा पक्का होता.

सराव झाला. तीन मिनिटं पाच सेकंद. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा ठणठणीत. जांदिरा म्हणाली, टायर तापले की जमेल.

पहिल्या मोजायच्या चढाईसाठी ती रांगेत उभी होती. हेल्मेट घातलेलं, पट्ट्यांनी सीटला जखडलेली. गाडीची तपासणी करणारे तपासून पुढे गेले होते. मी पुढे झाले, बॉनेटखालच्या जाळीला हार बांधला आणि रस्त्याकडेच्या दगडावर नारळ फोडला. तिथे झेंडा घेऊन उभ्या असलेल्या पोरीनं विचारलं, "हे खायचं असतं का?" मी तिला खोबऱ्याचा तुकडा दिला. जांदिराला आतून खालचं काही दिसत नव्हतं. तिनं फक्त मला अंगठा दाखवला. हिरवा दिवा लागला आणि ती गेली.

दोन वळणं गाडीचा आवाज चांगला होता. मग तो बदलला. दम लागलेल्या माणसासारखी गाडी धापा टाकायला लागली. भोंगा म्हणाला, तीन मिनिटं चोवीस सेकंद.

खाली आल्यावर तिनं बॉनेट उघडलं. जाळीच्या मागेच इंजिनाला हवा ओढून घेणारा जाड पाइप होता. त्या पाइपानं माझा हार ओढून घेतला होता. आत फिल्टरवर केशरी लगदा चिकटला होता, दोऱ्यासकट.

"आई! व्हॉट डिड यू डू?" अश्विनी किंचाळली.

जांदिरा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एकेक फूल बोटांनी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. शेवटचं ठेवून झाल्यावर म्हणाली, "दोना सुमना, माझी गाडी श्वास घेते. नाकात फुलं नाही घालायची."

"माझी चूक," मी म्हटलं. "सगळी माझी चूक." तिच्या हातात तीन चढाया होत्या, त्यातली एक मी खाऊन टाकली होती. लेथला हार घातला तर बिघडत नाही, कारण लेथ डोंगर चढत नाही. एवढी साधी गोष्ट बावीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला कळू नये, याची मला भयंकर लाज वाटली. मी ती फुलं खिशात घातली आणि शेताच्या कडेला जाऊन उभी राहिले.

दुसरी चढाई. रस्ता अजून कोरडा. ती सुटली तेव्हा आवाज असा होता की झेंडेवाली पोरगीही वळून बघायला लागली. मग वरून, डोंगरातल्या सर्वांत तीव्र वळणावरून, इंजिन एकदम मोकळं ओरडलं आणि खाली बसलं. मला खालूनच कळलं. गिअर चुकला. तीन मिनिटं तीन सेकंद.

ती खाली आली ती स्टिअरिंगवर मुठी आपटतच. "तिसरा मागितला! पाचवा मिळाला!"

"प्ले," मी म्हटलं.

"प्ले!" ती ओरडली.

आकाश काळं होत आलं होतं. तिसऱ्या चढाईला अर्धा तास होता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मला वीस मिनिटं दे. तो बुश मी टाइट करते."

अश्विनी हळूच म्हणाली, "आई, प्लीज, लीव्ह इट. ऑलरेडी एक झालंय."

"फुलं नाहीत ना?" जांदिरानं विचारलं.

"फुलं नाहीत. पत्रा."

ती बाजूला झाली. मी अश्विनीला तिचं शीतपेय संपवायला लावलं आणि तिच्या पर्समधली नखांची कात्री मागितली. रिकाम्या डब्याचा पत्रा पातळ असतो, पण लवचीक. त्याची करंगळीएवढी पट्टी कापली, कडा दगडावर घासल्या, म्हणजे बुश चिरणार नाही. गाडीच्या आत पोटावर झोपून काठीच्या मुळाशी हात घातला. बुश काढला. पिन आणि बुश यांच्यामध्ये पट्टी एकदा गुंडाळली, बसवून बघितली. अजून डुलत होती. काढून दुसरा वेढा दिला. आता बसेना. थुंकी लावून, स्पॅनरच्या मागच्या बाजूनं हळूहळू ठोकली. आमच्याकडे ट्रॅक्टरवाला रस्त्यात अडकला की आम्ही हेच करतो. याला कुणी इंजिनिअरिंग म्हणत नाही, पण ट्रॅक्टर घरी पोचतो. बाहेर आले तेव्हा मी कोपरापासून पायापर्यंत साडीसकट काळी झाले होते.

जांदिरानं काठी हलवली. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. टक, टक, टक. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, फक्त हेल्मेट घातलं.

ती रांगेत लागली आणि भुरभुर सुरू झाली. बारीक, अंगाला कळूही नये अशी, पण रस्त्याचा रंग बदलायला लागला. पुढच्या दोन गाड्या आधीच्यापेक्षा सावकाश चढल्या. डोनलनं पेला फेकला आणि म्हणाला, "गेलं आता तुमचं." दिवा हिरवा झाला.

मी डोळे मिटले. गाडी दिसत नाही तेव्हा डोळे उघडे ठेवून करायचं काय? पहिलं वळण. दुसरं. प्रत्येक गिअर मला ऐकू येत होता. ते तीव्र वळण आलं. आवाज खाली, टक, आणि पुन्हा वर. पडला! तिसरा पडला! मी अश्विनीचा हात इतका दाबला की तिच्या अंगठीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. मग वाऱ्यानं आवाज नेला आणि फक्त भोंगा राहिला.

"तीन मिनिटं, शून्य पूर्णांक चार सेकंद."

अर्ध्या सेकंदाहूनही कमी. एवढ्या वेळात माझा चष्मासुद्धा पुसून होत नाही.

सगळं शेत टाळ्या वाजवत होतं, कारण त्या ओल्या रस्त्यावर दुसरं कुणी तिच्या आसपासही आलं नव्हतं. जांदिरा खाली आली, हेल्मेट काढलं. डोनल तिच्याजवळ गेला. मी धावत मध्ये पडले आणि मला येईल त्या इंग्रजीत सांगितलं, "फ्लॉवर्स. माय फॉल्ट. शी, फास्ट. वन मोर चान्स."

डोनलनं टोपी काढली. "गाडी सुरेख चालवली तिनं. पण मी तीनच्या आत म्हटलं होतं, आणि आकडा तो आकडा. शिवाय हे बघा, पुढच्या वर्षी ती पंचेचाळिसाची होईल."

इथे माझं डोकं फिरलं. आकडा मी ऐकून घेतला असता. "मी सिक्स्टी फोर," मी माझी काळी कोपरं त्याच्यासमोर धरली. "लेथ. एव्हरी डे. यू स्टॉप मी?"

तो हसला. "फेअर प्ले टू यू," म्हणाला. तिकडे शाबासकी अशी देतात. पण त्याचं उत्तर बदललं नाही.

जांदिरानं मला मागे ओढलं. "मागायचं नाही, दोना सुमना." मग ती डोनलकडे वळली. तिचा आवाज शांत होता, पण मान ताठ. "तुझी गाडी तुलाच ठेव. पुढच्या वर्षी मी याच गाडीनं येणार. तुझ्या ड्रायव्हरला सांग, आरशात बघत राहा."

परत

वाटेत एका गावात थांबलो. तिथे बटाट्याच्या जाड कापांवर पिवळा रस्सा ओतून देतात आणि त्याला करी म्हणतात. आमच्या कोल्हापुरात हा रस्सा पाहुण्यापुढे ठेवला तर पाहुणा परत येणार नाही. जांदिरानं त्यावर माझी चटणी ओतली. मग ती एकदम म्हणाली, "तिसरा गिअर. लोण्यासारखा!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता मी थोडी रडलेसुद्धा. कोरड्या रस्त्यावरची ती पहिली चढाई माझ्यामुळे गेली होती, आणि कितीही हसलं तरी ती भरून येणार नव्हती.

व्हॅन स्वोर्ड्सजवळ आली तेव्हा अश्विनीनं विचारलं, "आई, त्या पट्टीनं खरंच एवढा फरक पडला?"

"ओल्या रस्त्यात अडीच सेकंदांचा," मी म्हटलं.

मशीन विकायचा विषय तिनं त्या रात्री काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मला विमानतळावर सोडायला आली तेव्हाही नाही.

मी निघायच्या आधी मागवलेला प्लास्टिकचा बुश आला, तो गाडीत बसवला आणि झिजलेला मी रुमालात बांधून आणला. कोल्हापुरात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडलं, व्हर्नियर लावून त्याची मापं घेतली आणि झीज वजा करून मूळ माप काढलं. गनमेटलचे दोन बुश स्वतःच्या हातानं उतरवले, एक गाडीसाठी आणि एक जवळ ठेवायला. कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, अर्धा सेकंद. त्यानं 'मशीन पार्ट' असं लिहिलं.

गेल्या आठवड्यात जांदिरानं मोबाइलवर फोटो पाठवला. पुढच्या वर्षीच्या रेसचा फॉर्म, तिच्या अक्षरात भरलेला. ड्रायव्हरच्या रकान्यात तिचं नाव होतं. खाली मेकॅनिकच्या रकान्यात लिहिलं होतं, दोना सुमना, कोल्हापूर. आणि समासात बारीक अक्षरात, फुलं आणायची नाहीत.

परवा अश्विनीचा फोन आला तेव्हा लेथ चालूच होतं. "आई, पुढच्या उन्हाळ्यात परत ये. आणि या वेळी प्रॉपर विश्रांती घ्यायची, ओके?"

"विश्रांतीला नाही येत," मी मशीनच्या आवाजावर ओरडून सांगितलं. "रेसला येतेय. कड्यांची तिकिटं काढू नकोस."